नुसता अडवणारा

अमेरिकेत जावयाकडे टीव्हीवर त्यांचा तो फुटबॉल बघत बसलो होतो. क्वार्टरबॅकने चेंडू लांब फेकला, पुढे पळणाऱ्याने तो झेलला आणि कॅमेरा त्या दोघांच्याच मागे लागला. क्वार्टरबॅकवर चालून आलेल्यांना छातीवर घेणारा धिप्पाड गडी मात्र चिखलातून एकटाच उठत होता.

"बाबा, त्याला काय बघता? तो नुसता अडवणारा," जावई म्हणाला.

नुसता! ऑफिसच्या व्हॉलीबॉल संघात बारा वर्षं मीही नुसता चेंडू उचलून देत होतो. स्मॅश सुधीर मारायचा. करंडक जिंकला तेव्हा पेपरात फोटो आला. त्यात सुधीर हवेत होता आणि कडेला माझी दहा बोटं. "उचलून काय, कुणीही देईल," तो सगळ्यांसमोर म्हणाला.

पुढच्या वर्षी फायनलला मी त्याला प्रत्येक चेंडू वीतभर कमी उचलून दिला. सुधीर जाळीतच मारत राहिला. आम्ही हरलो. खालचा हात निघाल्याशिवाय वरच्याला तो होता हे कळतच नाही. जिंकूनही माझ्या जिवाला इतकं गार कधी वाटलं नव्हतं.

पडद्यावर तो गडी पुन्हा वाकून उभा राहिला. मी पुटपुटलो, "लेका, एकदाच अर्धं पाऊल बाजूला हो."