आधी खेचर होतं

“आधी फक्त खेचर होतं,” असं म्हणून ते टोपी मागे सारत आणि मी कान टवकारी. तुम्हालाही असा माणूस भेटला असेल. साधं ‘खिडक्या कधी बसवणार?’ विचारावं, तर उत्तर पणजोबांपासून सुरू.

हे आमचे बिल्डर. अमेरिकन, सत्तरीला टेकलेले. २०१३ साली माझ्या मुलाचं न्यूझीलंडमधल्या रोटोटुनातलं घर त्यांनी बांधायला घेतलं. मी नुकतीच पुण्याहून आलेली, जेमतेम बासष्टची, म्हणजे तशी पोरगीच. सगळी हुशारी संशय घेण्यातच खर्च व्हायची. मुलाचं सगळं किडुकमिडुक त्या घरात अडकलेलं, आणि बिल्डर पळून जातात एवढं ज्ञान मी पुण्याहून सोबत आणलं होतं.

पणजोबा, त्यांचा धाकटा भाऊ, एक खेचर, एक करवत. ओहायोत त्यांनी पहिलं धान्याचं कोठार बांधलं. मग पूल, मग रेल्वे स्टेशनं, मग कोर्टाच्या इमारती. पुढे नातवंडांनी ती थोरली कंपनी विकली. यांनी इथे येऊन एका व्हॅनवर तेच नाव रंगवलं.

“मागच्या आठवड्यात खेचर पांढरं होतं,” मी म्हटलं. “आज तपकिरी कसं?”

“चिखलात लोळलं असेल, मॅम.”

मुलगा वैतागला. “आई, ते घर बांधतायत, साक्ष देत नाहीयेत!”

मग घराचा लाकडी सांगाडा पुरा झाला, आणि आढ्यावर हिरवी फांदी बांधलेली दिसली. करणीच! मी त्याच संध्याकाळी चौकटीला काळी बाहुली टांगून आले. सकाळी काम बंद ठेवून ते आमच्या भाड्याच्या घरी हजर.

“माझ्या साइटवर ती धमकी कोणी लावली?”

“आणि फांदी कोणी लावली?”

तेव्हा कळलं. पहिल्या कोठाराच्या आढ्यावरून तो धाकटा भाऊ पडला, तो उठलाच नाही. तेव्हापासून सगळी माणसं धडधाकट राहून आढं चढलं, की कंपनी वर फांदी बांधते. मीही सांगितलं, घराला दृष्ट लागू नये म्हणून बाहुली. त्यांनी टोपी मागे सारली.

“मग राहू द्या दोन्ही.”

माझा विश्वास बसला? छे! पुढे दर चहाला मी आडून आडून भावाचं विचारी. खेचर रंग बदलत राहिलं, एकदा तर त्याचा बैलही झाला. भाऊ मात्र दर वेळी डाव्या अंगाला, बहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीच पडला. मग मी विचारणं सोडलं.

घर छान झालं. रोटोटुनाभर त्यांच्या पाट्या लागल्या, व्हॅन वाढल्या, माणसं वाढली. तरी आढ्यावर पहिले ते स्वतःच चढायचे.

२०१९ साली त्यांचे गुडघे बोलायला लागले. कायमचे मुलीकडे अमेरिकेला जायच्या आधी ते आमच्या डेकवर, म्हणजे लाकडी ओट्यावर, येऊन बसले. समोरच्या प्लॉटवर त्यांचाच सुतार आढ्याकडे चढत होता. मी चहा ठेवला. त्यांनी पाहिलंही नाही.

“कमरेला दोरी आहे की त्याच्या,” मी म्हटलं.

“येस, मॅम.” नजर वरच.

सुतार खाली उतरला, व्हॅनला टेकून पाणी प्यायला. तेव्हा कुठे त्यांनी कप उचलला. चहावर साय धरली होती.

“गरम करून आणते.”

“नको,” म्हणाले, आणि सायीसकट पिऊन टाकला.