पोटाला विचारणारे काका

शेजारचे काका जेवायला बसले, की आधी पोटावर हात ठेवून डोळे मिटायचे. नव्या माणसाला वाटे, श्लोक म्हणतायत. मग डोळे उघडून निकाल सांगत, "अर्धी भाकरी. आज तेवढीच मागतंय."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण बोटीवर स्वयंपाकी म्हणून जन्म काढलेला, खलाशांना पोटभर वाढणारा माणूस स्वतःच्या पोटाची परवानगी घेतो, हे मी आमच्या रत्नागिरीतच पाहिलं. हल्ली ते आणि काकू लेकीकडे मुंबईला असतात.

मी अगदी उलटा. मनगटावरचं घड्याळ सकाळी सांगतं, झोप कमी झाली, आणि तोवर ताजातवाना असलेला मी लगेच जांभई देतो.

"बाळ्या, झोपलास तू, नि विचारतोस घड्याळाला?" काका म्हणत. पन्नाशी उलटली तरी मी त्यांचा बाळ्याच.

ते दोघं इथेच राहत होते, तेव्हा एकदा काकूंना टायफॉइड झाला. ताप उतरला, त्या घरी आल्या, पण अन्नावरची वासनाच गेली. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या पूर्ण करा, पेज थोडी थोडी देत राहा. भूक येईल." आता काकूंच्या पोटावर भरवसा ठेवायची पाळी काकांची होती आणि नेमके तिथेच ते डगमगले. शिरा झाला, सूप झालं, लेकीने पाठवलेली पावडर झाली. काकू दोन चमचे घेऊन तोंड फिरवत. "अगो, एवढा घास तरी," म्हणत काका खाटेभोवती फिरत.

एका दुपारी ते आमच्याकडे आले आणि माझं मनगट धरून म्हणाले, "ह्याला विचार ना रे, तिला भूक कधी लागेल?"

आलेलं हसू मी गिळलं. "काका, ते फक्त माझंच सांगतं. तेही चुकीचं."

दोनेक दिवसांनी आमच्या हिने सुका जवळा भाजायला घेतला. आजारी माणसाला वासाचा त्रास नको, म्हणून मी शहाण्यासारखा खिडकी लावायला धावलो. पलीकडून काकूंचा आवाज आला, "लावतोस कशाला रे मेल्या? येऊ दे की वास! मला मऊ भात नि तो जवळा हवाय."

काकांनी आधी डॉक्टरांना फोन केला. चिमूटभर चालेल, म्हणाले. मग त्यांनी स्वतः भात शिजवला. काकूंनी पहिला घास घेतला. आम्ही दाराशी श्वास रोखून उभे.

"मीठ कुठाय ह्यात?" काकू म्हणाल्या. "बोटीवर असंच घालत होतात माणसांना?"

काका वळले. मीठ आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेले, ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. काकू मात्र थांबल्या नाहीत. तसाच अळणी भात खात राहिल्या.