साडूंची फ्लॉपी

यजमानांच्या कॉम्प्युटरमधल्या सी कंपायलरवरून घराची पारख करणारा माणूस साऱ्या भूतलावर एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. मूळचे अमरावतीचे, बदलीने जयपूरला आलेले बँकेतले अधिकारी. पण खिशात पेनाच्या जागी फ्लॉपी. तिच्यात त्यांनी सी भाषेत लिहिलेला, मुद्दाम चुका पेरलेला एक प्रोग्रॅम असे. असा प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणं हे कंपायलरचं काम. ते करताना तो कुठल्या चुका पकडतो आणि कुठल्या पोटात घालतो, यावर साडू त्याची लायकी ठरवत. आमेरच्या एका कॉम्प्युटर क्लासमधला कंपायलर विसरलेल्या एका अर्धविरामावरून पडदाभर बोंबलला, तेव्हा त्यांनी क्लासवाल्याचंच सांत्वन केलं होतं. विश्वकर्मा भागातल्या कारखान्यात तपासणीला गेले असता तिथल्या कंपायलरचा नेमकेपणा पाहून त्यांनी पडद्याला हात जोडले. कारखानदाराला वाटलं, कर्ज मंजूर झालं! चूक दाखवणारा संदेश नुसता वाचून दाखवला, तरी तो कुठल्या कंपायलरचा हे साडू डोळे मिटून ओळखत. मी त्यांना हसायचो, पण मनातून थक्क व्हायचो.

त्यांच्या मुलीने, केतकीने, लग्नासाठी मुलगा स्वतःच पसंत केला होता. प्रताप नगरमधल्या रेल्वेतल्या मराठी कुटुंबातला, जयपुरातच वाढलेला. आम्ही मुलाच्या घरी जायला निघालो तेव्हा ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, बाबांना फ्लॉपी घरीच ठेवायला सांगा ना!" मी सांगितलं. पोहे संपताच फ्लॉपी बाहेर आली.

मुलाच्या कंपायलरने सगळ्या चुका मुकाट्याने गिळल्या.

"चूक दिसूनही गप्प बसते बाप्पा हे," साडू म्हणाले. केतकी पांढरीफटक पडली.

"काका, मतलब... इथे चुकांच्या वॉर्निंग बंद आहेत. चालू करू?" मुलगा म्हणाला, आणि त्याने त्या चालू केल्या. पेरलेल्या साऱ्या चुका पटापट आल्या, आणि वर आणखी एक: किंमत देण्याआधीच वापरलेली चलराशी. ही कुठल्याच मशीनने आजवर दाखवली नव्हती. "ही मी घातलेली नाही. ही माझीच आहे," साडू माझ्या कानात पुटपुटले. मुलाच्याही ते ध्यानात आलं असावं. त्याने नुसता कर्सर त्या ओळीवर नेऊन ठेवला आणि "चहा बघतो" म्हणून आत गेला. बाकीचे गप्पांत होते. कुणाला पत्ताही लागला नाही. एवढा मोठा माणूस मी तेव्हा प्रथमच मान खाली घालून बसलेला पाहिला.

परतताना टोंक रोडवर साडूंनी स्कूटर कडेला घेतली.

"चुका तर केतकीच्याही होतील हो, साडूभाऊ. पण हा पोरगा तिला चारचौघांत बोलायचा नाही."

मग चष्मा काढून कितीतरी वेळ पुसत राहिले. मुलगी आता खरंच जाणार, हे त्यांना तिथे कळलं.