हात मांडीखाली

खंडेनवमीला मी फ्लॉपीला कुंकू लावलं. तेही ओलं, आणि नेमकं नको त्या जागी. फ्लॉपीच्या काळ्या पाकिटाला एक लांबट खिडकी असे आणि तिच्यातून आतली तपकिरी चकती दिसे. मला वाटलं, ही जागा कपाळासारखी मुद्दामच मोकळी सोडली असणार. आमच्या उमरेडच्या घरी त्या दिवशी हातमागाची पूजा होई. आईनं कुंकवाची पुडी सोबत दिली होती आणि नागपुरात माझ्याजवळ पुजावं असं दुसरं काहीच नव्हतं. पूजा आटोपून मी ती फ्लॉपी भक्तिभावानं मशीनमध्ये घातली. मशीन घशात काटा अडकल्यासारखं खरखरलं आणि गप्प झालं.

निखाडे सर आले. फ्लॉपी काढून त्यांनी उजेडात धरली, मग मला विचारलं, "हळद नाही लावली का गा?"

धंतोलीतल्या त्या कम्प्युटर क्लासमध्ये आम्ही सगळे प्रोग्रामर व्हायला आलो होतो. उमरेडात बाबांनी मला आधीच इंजिनिअर करून टाकलं होतं. निखाडे सर मात्र प्रोग्रामर नव्हते, आमचे शिक्षकही नव्हते, मशीन दुरुस्त करणारेही नव्हते. ज्या कचेऱ्या कम्प्युटर घेत, तिथल्या बाबूंना तो शिकवायला सर जात. शिकवायला म्हणजे शेजारी बसायला. आणि बसताना दोन्ही तळहात मांडीखाली दाबून ठेवत, थंडीत पोरं बसतात तसे. समोरचा माणूस एक अक्षर शोधायला कितीही वेळ घेवो, त्यांचे हात बाहेर येत नसत. "आपन बटन दाबलं का तो मानूस सोताच्याच टेबलावर पाहुना होऊन जाते," असं ते म्हणत.

या कामाला नाव नव्हतं, आणि त्यामुळे सरांचं लग्न राहिलं. एकदा त्यांनीच सांगितलं होतं. पोरीच्या बापानं विचारलं, कम्प्युटरमध्ये म्हणजे नेमकं काय करता? "म्या सांगतलं, लोकाईच्या बाजूले बसतो. थो चहा न पेताच उठला." आम्ही खूप हसलो. सरही हसले आणि डबा घेऊन जिन्यात गेले. दुपारचं ते तिथेच जेवत. राहायला बेसा गावात एक खोली होती, तेव्हा तिकडे सगळी शेतंच. इतकी माणसं त्यांच्या शेजारी बसून शिकली, पण जिन्यात सरांच्या बाजूला बसलेलं मी कोणाला पाहिलं नाही. मीही बसलो नाही. मला प्रोग्रामर व्हायचं होतं ना.

तर ती फ्लॉपी. तिच्यात नागपूरच्या महाल भागातल्या एका विणकर सोसायटीच्या सभासदांची नावं होती. सोसायटीच्या गोमासे बाबूंनी ती एका बोटानं, महिनोन्‌महिने टाइप केली होती. ते निवृत्तीला आलेले, आणि मशीन आलं म्हणजे आपण गेलो या धास्तीत. सरांनी त्यांना कसंबसं खुर्चीत टिकवलं होतं. फ्लॉपीची दुसरी प्रत काढून ठेवायची जबाबदारी एका हुशार विद्यार्थ्यावर सोपवली होती. तो विद्यार्थी पूजा करत होता.

सर मला सायकलवर डबलसीट घेऊन महालात गेले आणि बाबूंना माझ्याच तोंडून सांगायला लावलं. बाबूंनी चष्मा काढला, पुसला, पण परत घातला नाही. म्हणाले, "जाऊ द्या सर. हे मशीन आपल्या कामाचं नाही, मी पहिलेच म्हटलं होतं."

मी घाईघाईनं म्हणालो की मीच बसतो, दोन दिवसांत सगळं टाइप करून देतो. सरांनी मला दाराबाहेर नेलं. "तू टाइप करशीन तं तुह्या मनावरचं उतरंल. त्याचा भेव काहून कमी होईन? उद्यापासून त्याच्या बाजूले बस. हात मांडीखाली."

बाबू दुसऱ्या दिवशी मशीनसमोर आले ते फक्त सरांच्या शब्दाखातर. मी बसलो. त्यांचं बोट कीबोर्डवर भटकायचं आणि माझे तळहात मांडीखाली तडफडायचे. एकदा 'के' त्यांच्या बोटाखालीच होता आणि ते वर शोधत होते. माझा हात सुटलाच. मागून सरांनी जीभ टाळ्याला लावून चक् केलं. मी हात परत दाबला. असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबू म्हणाले, "थांब गा, सांगू नको. भेटला." आणि माझ्याकडे बघून हसले.

परतताना सर म्हणाले, "प्रोग्राम काही तुले जमनार नाही. पन मशीन चालू ठेवाले लोक लागतात, माहितीच्या टेपा सांभाळाले लागतात, मानसाच्या बाजूले बसाले बी लागतात. पाहा बाप्पा."

पुढे क्लास बंद पडला आणि सर त्यांच्या गावी, खाप्याला गेले. मला एका कंपनीत शेजारी बसायचीच नोकरी लागली. आता या कामाला नाव आलं होतं. माझ्या कार्डावर ते इंग्रजीत छापलेलंही होतं. सरांना उजव्या अंगाला लकवा मारल्याचं कळलं तेव्हा ते कार्ड खिशात घालून मी खाप्याला गेलो.

सर एकटेच होते. घरात एकच खुर्ची होती, ती त्यांनी मला दिली. मी कार्ड दाखवलं आणि कंपनीच्या गोष्टी सुरू केल्या. ते ऐकत डाव्या हातानं स्टोव्ह पेटवत होते. काडी विझली. दुसरीही विझली. तिसरी पेटली तेव्हा मी उठून ती त्यांच्या हातातून घेतली, स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं, साखर कुठे आहे म्हणून डबे उघडायला लागलो.

सर खाटेवर बसले. चांगल्या हातानं त्यांनी वाकडा हात उचलला, मांडीखाली सारला, मग चांगलाही सारला. माझा चहा उकळेपर्यंत ते तसेच बसून राहिले.

"प्रोग्राम तं तुले आलाच नवता," ते म्हणाले, "बाजूले बसनं बी नाही आलं गा."