लालचिठ्ठीनं टॅब निवडला

पंपाच्या कारखान्यात तो तपासणी खात्यात होता. खराब निघालेल्या मालाला तारेनं लाल चिठ्ठी बांधायची, एवढंच त्याचं काम. चांगल्या मालाला काही बांधायची पद्धत नव्हती. चांगला माल मुकाट्यानं पुढं सरकायचा. त्यामुळं उभ्या नोकरीत त्यानं एखाद्या वस्तूला चांगलं म्हटल्याचं कुणी ऐकलं नाही. कामगार त्याला लालचिठ्ठी म्हणायचे. आधी पाठीमागं, मग तोंडावर. त्याला ते नाव आवडलं. टोमणा कोणता आणि पदवी कोणती, हे काही माणसांना शेवटपर्यंत कळत नाही.

निरोपसमारंभात त्याला घड्याळ मिळालं. त्यानं ते तिथंच कानाला लावलं आणि म्हणाला, सेकंदकाटा अडखळतोय. टाळ्या वाजायच्या राहून गेल्या. घरी येताना त्यानं दोन गोष्टी आणल्या. उरलेल्या लाल चिठ्ठ्यांचा जुडगा, आणि वस्तू चिमटीत धरून केसाएवढी जाडी सांगणारं त्याचं व्हर्निअर. त्या दिवसापासून घराचा कारखाना झाला.

त्याच्या बायकोला माहेरी ठमी म्हणायचे. ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. साऱ्या जगाचे फोन जोडून देण्यात तिची नोकरी संपली. तिच्या स्वतःच्या घरात मात्र अजून बटणांचा फोन होता. बाकी सगळे फोन लालचिठ्ठीनं नापास केले होते. खुर्च्या नापास, पंखा नापास, जिना चढून येणारा दूधवाला नापास. शेजारीपाजारी हसायचे. ठमीही पहिली काही वर्षं हसली. मग हसू आटलं, आणि त्याच्या जागी जे आलं त्याला तिनं कधी नाव दिलं नाही.

न्हाणीघरात पाय घसरला आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. आत सळई बसली. बाहेरच्या खोलीत खिडकीशी लोखंडी कॉट टाकली, कॉटशेजारी वॉकर उभा राहिला. त्याच सुमारास तिकडं परदेशी, लेकीकडं राहणाऱ्या ताईला विसर पडू लागला. ताई म्हणजे ठमीची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर हिच्या वेण्या घातल्या ताईनं, हिला शाळेत घातलं ताईनं.

ताईची लेक फोन लावून द्यायची. ठमी म्हणायची, "ताई, मी बोलतेय."

"मीटर बघायला सकाळी येत जा," ताई म्हणायची. "दुपारी आम्ही झोपतो."

लेक फोन घ्यायची. "मावशी, आवाज ओळखेनाशी झालीय ती. चेहरे अजून ओळखते. तू टॅब घे ना एखादा. मोठ्या पडद्याचा. आणि लवकर घे."

लवकर या शब्दावर तिचा आवाज जरा दबला. ठमीनं तो नेमका ऐकला. आवाज ऐकण्यात तिचा जन्म गेला होता.

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी एकदा आपला फोन वर आणला. पडदा तळहाताएवढा, ठमीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिला ताई धुक्यात बसल्यासारखी दिसली. पण ताईला ही दिसली.

"ठमे," ताई म्हणाली. "काय गं हे केस. तेल लावत नाहीस का डोक्याला?"

ठमीचा हात केसांकडं गेला. तेवढ्यात लालचिठ्ठीनं मागून हात घालून फोन उचलला, कानाशी हलवला. "आवाज डब्यातून आल्यासारखा येतोय. किती वर्षांचा आहे हा?"

शिंपीणबाईंचं तोंड उतरलं. फोन कट झाला होता.

"मागून आणलेल्या वस्तूवर कशाला बोलायचं?" त्या गेल्यावर तो म्हणाला. "आपण आपला घेऊ. नीट बघून."

नीट बघून. ठमीनं डोळे मिटले. शिंपीणबाई पुन्हा काही फोन घेऊन आल्या नाहीत, आणि त्यांना पुन्हा बोलवायला ठमीला तोंड नव्हतं.

वॉकर घेऊन चालता यायला लागलं तशी ती हट्टानं त्याच्याबरोबर दुकानात गेली. काउंटरवरची बाई हसतमुख होती. तिनं आधी ठमीला स्टूल दिलं.

"कशासाठी हवाय काका? करमणुकीला, की रोजच्या वापराला?"

"आधी काय आहे ते दाखवा. कशासाठी ते मी ठरवीन."

"बहिणीशी बोलायचंय," ठमी म्हणाली. "तिला मी दिसले पाहिजे. मला ती दिसली पाहिजे."

"मग डोकं कशाला शिणवायचं, मावशी? हा घ्या. मोठा पडदा, समोरचा कॅमेरा चांगला. पिक्चर बघा, गाणी ऐका, पेपर वाचा, लाइटचं बिल भरा."

"चांगला म्हणजे किती चांगला?" लालचिठ्ठीनं विचारलं.

"म्हणजे चांगला, काका."

"ही काही मोजणी झाली नाही."

त्यानं खिशातून व्हर्निअर काढलं. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. त्यानं टॅबचा एकेक कोपरा चिमटीत धरला, डोळा बारीक केला.

"हा कोपरा जाड आहे."

"कितीनं?"

"केसभर."

"वर कव्हर बसतं, काका. काही दिसत नाही."

"म्हणजे दोष झाकायचा," तो म्हणाला. कुणीतरी फिदकन हसलं. ती दाद आहे असं वाटून तो खुलला. त्यानं पडद्याशेजारी कोरा कागद धरला आणि पांढरा रंग पिवळट असल्याचं जाहीर केलं. बाईनं सेटिंगमध्ये जाऊन रंग बदलून दाखवला. आता निळट होता. त्यानं टॅब उचलून वजन केलं, कडेवर टिचकी मारून कान लावला. कलिंगड घेताना मारतात तशी टिचकी. मग भिंग काढलं आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात न उजळणारा एक मेलेला ठिपका शोधला. मोहरीच्या दाण्यापुढंही धूळ वाटावा असा.

"अहो, मला तो दिसत पण नाही," ठमी म्हणाली.

"तुला नाही दिसत. आहे ना पण."

आणि त्यानं खरंच खिशातून लाल चिठ्ठी काढली. टॅबला भोक नव्हतं. चोरी होऊ नये म्हणून त्याला जी वायर लावलेली असते, तिला त्यानं ती चिठ्ठी बांधली. नीट, पीळ देऊन, जुन्या सवयीनं. काउंटरवरच्या बाईला हसावं की माणूस बोलवावा ते कळेना.

ठमी स्टुलावर बसून बघत होती. या माणसाबरोबर तिनं संसार केला होता. ताईचा चेहरा आणि तिचा चेहरा यांच्यामध्ये हा भिंग घेऊन उभा होता.

दाराशी बाई तिच्या कानाशी वाकली. "मावशी, तुम्हाला कोणता आवडला?"

"चिठ्ठीवाला."

बाईनं दुकानाचं कार्ड तिच्या पिशवीत सरकवलं.

मग लालचिठ्ठीला टॅबचा नाद लागला. सकाळी अंघोळ करून, भांग पाडून तो बाहेर पडे. शहरातलं एकही दुकान त्याच्या तावडीतून सुटलं नाही. एकाची बॅटरी संशयास्पद, एकाची कंपनी संशयास्पद, एकाचा दुकानदारच संशयास्पद, कारण तो फार गोड बोलत होता. बागेतल्या बाकावर तो इतर निवृत्तांना प्रोसेसर समजावून सांगू लागला. ते सल्ला घ्यायला येऊ लागले. त्याचा सल्ला ऐकून कुणी काही घेतलं नाही, आणि सगळे म्हणाले, माणूस जाणकार आहे. यातली मजा अशी, की त्यानं आयुष्यात एकही टॅब चालवलेला नव्हता. तो चालू कुठून करायचा, हेही दुकानातली पोरं दाखवत.

"झालं का ठरवून?" ठमी विचारायची.

"पुढच्या महिन्यात नवीन येतोय. त्यात हे दोष काढलेत म्हणे. बाकी काय काय घालतात ते बघायला हवं."

एका दुपारी तो असाच बाहेर गेला असताना बटणांचा फोन वाजला. ताईची लेक होती. बराच वेळ नुसतीच हॅलो हॅलो करत राहिली.

"मावशी, काल आई मला म्हणाली, तुम्ही कुणाकडं आलात? घरातले सगळे बाहेर गेलेत."

ठमीनं फोन ठेवला. लालचिठ्ठी घरी आल्यावर तिनं त्याला हे सांगितलं. तो चपला काढत होता. त्यानं मान हलवली. खरंच हळहळल्यासारखी हलवली.

"म्हणूनच म्हणतो, घाई करून उपयोग नाही. अशा कामाला वस्तू खात्रीची पाहिजे."

ठमीला राग आला नाही. राग यायला समोर निदान माणूस लागतो. दुधात पडलेल्या माशीकडं बघावं तसं तिनं त्याच्याकडं पाहिलं, आणि पिशवीतलं कार्ड शोधायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी तो टॅब बघायला गेल्यावर काउंटरवरची बाई स्वतः वर आली. पेन्शन ठमीचीही होती, कुणाला विचारायची गरज नव्हती. बाईनं खोकं उघडलं. आत तोच टॅब. दुकानातली वायर काढली होती, पण चिठ्ठी कव्हरच्या पट्टीला बांधलेली होती.

"काढू का ही?"

"राहू द्या," ठमी म्हणाली. "घराण्याची खूण आहे."

बाई हसली. कॉटवर उशीला टेकवून टॅब उभा केला, सगळं जोडून दिलं, आणि निघून गेली. पडद्यावर तिकडची खोली आली. खिडकी, पडदा, खुर्ची, खुर्चीत ताई. सगळं स्वच्छ. ताईच्या भुवईवरचा लहानपणीचा व्रणसुद्धा.

"ताई."

ताईनं पाहिलं. परक्या माणसाला दार उघडल्यावर आपण करतो तसं अदबीनं हसली.

"कोण बाई तुम्ही?"

"ठमी. मी ठमी, ताई."

"हो का," ताई म्हणाली. "बसा ना. चहा घेणार?"

मागून लेकीचा आवाज आला. "आई, नीट बघ. मावशी आहे." ताईनं नीट पाहिलं. शिष्टाचारापुरतं. मग ती पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. ठमी बोलत राहिली. वेण्या, शाळा, आई, मागच्या दारचं पेरूचं झाड. ताई मधूनमधून मान हलवायची. दुसऱ्याच्या घरच्या गोष्टी ऐकताना हलवतात तेवढीच.

जिन्यावर चपला वाजल्या. लालचिठ्ठी आत आला. त्यानं टॅब पाहिला, चिठ्ठी पाहिली.

"हा तर नापास केला होता मी."

ठमी ताईकडंच बघत राहिली. तो तिच्या मागं येऊन वाकला, चष्मा कपाळावर चढवला, आणि तोंड पडद्याला लावण्याइतकं जवळ नेलं. "बघ. पिवळटच आहे. सांगितलं होतं."

पडद्यातली ताई ताठ बसली.

"हा तोच ना?" ती म्हणाली.

तिनं पडद्यातून त्याच्यावर बोट रोखलं.

"हाच तो मेला. पहिल्यांदा घरी आला, मी चहा दिला. चहा पिण्याआधी यानं बशी उलटी केली. आणि म्हणतो कसा, बशीला टवका आहे." ताईच्या गालांवर रंग चढला होता. "चार माणसांत म्हणाला. मी म्हटलं होतं बाबांना, आपली ठमी याला देऊ नका. हा जन्मभर बशा उलट्या करील."

"अहो, पण होता टवका," लालचिठ्ठी म्हणाला.

"बघा, अजून बोलतोय. ठमी कुठाय माझी?"

ठमीनं दोन्ही हातांनी टॅब धरला. "इथंच आहे, ताई."

ताईनं तिच्याकडं पाहिलं. या बाई कोण ते तिला कळत नव्हतं, पण बाई भल्या दिसत होत्या.

"मग सांगा तिला," ताई आवाज खाली आणून म्हणाली. "म्हणावं, ताईनं बोलावलंय. कपडे भर आणि निघून ये. मी आहे म्हणावं."

"सांगते," ठमी म्हणाली.

फोन संपल्यावर तिनं तोंड धुतलं. लालचिठ्ठी खुर्चीत बसून समाधानानं म्हणाला, "स्मरणशक्ती दांडगी आहे तशी. टवका होताच."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तिनं त्याची वाट अडवली. वॉकर दारात आडवा लावून.

"कुठं निघालात?"

"बागेत. लोक वाट बघत असतील."

"बसा इथं. ताईचा फोन लावायचाय."

"मी कशाला?"

"तिला मी आठवत नाही. तुम्ही आठवता. तुमच्यावरून ती ठमीपर्यंत येते." तिनं चहाचा कप बशीसकट त्याच्या हातात दिला. "बशी उलटी करा आणि म्हणा, टवका आहे."

"मी काय सोंग आहे का गं?"

"आहात. बसा."

तो बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याची कुणाला गरज पडली होती, आणि ती अशी. त्यानं कप बाजूला ठेवला, बशी उलटी केली, खिशातून भिंग काढलं, कडेकडेनं बोट फिरवलं. पडद्यावर घंटी वाजायला लागली होती.

"अगं, पण हिला टवका नाही," तो म्हणाला. "ही चांगली आहे."

हा शब्द त्याच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती. बशीबद्दल.

ठमीनं बशी त्याच्या हातातून घेतली, कॉटच्या लोखंडी कडेवर आपटली, आणि परत दिली.

"आता बोला," ती म्हणाली.