ओकादाचं पत्र्याचं दुकान

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या आठवणी काढायला बसलो की एकातून दुसरी निघते, आणि चहा गार होतो. त्यातही ओकादाच्या तर विचारूच नका! साठच्या दशकात मी तिथे आर्किटेक्चर शिकत होतो. ओकादा माझ्या वर्गातला जपानी. कोल्हापूरचा वसंता मेकॅनिकलला, पण सदानकदा आमच्यातच.

*

आमच्या प्रोफेसरांना जपानचं भारी वेड. त्यांनी ओकादाला लेक्चर द्यायला लावलं. हॉल गच्च. सगळे देवळं आणि बागा बघायला आलेले. ह्या पठ्ठ्यानं स्लाइड्स दाखवल्या मासेवाल्याच्या दुकानाच्या, न्हाव्याच्या, पेट्रोल पंपाच्या! नालीदार पत्रा, लोखंडी अँगल, साधी काच, आणि सगळं कसं सुतात. मी तर खुळाच झालो. प्रोफेसर मात्र गोरेमोरे.

"आल्झो, म्हणजे हे ठीक, पण देवळं कधी येणार?"

"देवळात मी वर्षातून एकदा जातो," ओकादा म्हणाला. "मासे रोज आणतो."

*

डिप्लोमला, म्हणजे पदवीच्या शेवटच्या परीक्षेलाही, त्यानं पत्र्याचंच दुकान काढलं. प्रोफेसरांनी नापास केलं. "ही शेड आहे, आर्किटेक्चर नव्हे." आता एकच संधी. पुन्हा नापास, तर चार वर्षं पाण्यात आणि पदवीशिवाय घरी. मला फार वाईट वाटलं.

वसंता म्हणाला, "आमच्या गुऱ्हाळावर असलाच पत्रा हाय की. आमच्या आबांस्नी पण द्या म्हणावं डिप्लोम."

ओकादा हसला नाही. गुऱ्हाळाचा पत्रा कसा बसवतात ते विचारून त्यानं वहीत काढून घेतलं.

*

मग त्यानं ठरवलं, नकाशे पुरे. इन्स्टिट्यूटच्या अंगणात खरंच दुकान उभं करायचं, प्रोफेसर सोमवारी येऊन बघतील. आम्ही तिघं पत्रे ओढून घामाघूम. वसंताचा एक बोल्ट जरासा ओळीबाहेर गेला.

"कुणाला दिसतंय रे?"

"मला," म्हणत ओकादानं अख्खा पत्रा उतरवला. वसंता दिवसभर त्याच्याशी बोलला नाही.

*

सोमवारी सकाळी बघतो तर काय, हाउसमाइस्टरच्या, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याच्या, बायकोनं दुकान ताब्यात घेतलेलं! "छप्पर आहे, फळी आहे, रिकामं कशाला ठेवायचं?" म्हणत बाई कॉफी आणि पाव विकत होती. बाहेर पाऊस, पुढे ही रांग. ओकादा पांढराफटक पडला.

"तिला उठवू का?" मी विचारलं. तेवढ्यात प्रोफेसर आलेच. रांग दिसली म्हणून तेही रांगेत उभे राहिले. फळीवर कोपर टेकून कॉफी प्यायले. दुसरी मागवली. पावाला लोणी लावून घेतलं.

मग घड्याळ बघून आमच्याकडे वळले. "काय छान जागा केलीय इथे. बरं, चला. त्या ओकादाची शेड कुठंय?"