बत्तिसावे व्याख्यान

यज्ञेश्वरराव दर डिसेंबरात सदाशिव पेठेतल्या ज्येष्ठांच्या मंडळात ‘यंदा संगणकात नवे काय’ या विषयावर बोलत. एकतीस वर्षांत खंड नाही. नियम त्यांचा त्यांनीच घातलेला: ज्याचे मूळ आपल्या जुन्या टिपणवह्यांत सापडेल, त्याला नवे म्हणायचे नाही. पंच्याहत्तर साली भोके पाडलेल्या कार्डांवर ते कारखान्याची पगारपत्रके काढायला शिकले, तेव्हापासूनच्या वह्या कपाटात वर्षवार लावलेल्या होत्या.

पूर्वी विषय इतके असत की वेळ संपल्याची घंटा वाजली तरी ते थांबत नसत. पुढे वर्षाला एकेकच उरला. गेली चार वर्षे तर ते जुन्यालाच रंग देऊन बोलत आणि घरी येऊन न जेवता आडवे होत. यंदा त्यांनी ठरवले, एक तरी खरी नवी गोष्ट मिळाली तर बोलायचे. नाही तर व्याख्यान कायमचे सोडायचे.

रविवारी त्यांची भाची अपूर्वा लॅपटॉप घेऊन आली. ती खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती.

“मामा, या एआयला तरी नवं म्हणाल ना? मराठीत बोलतं. माझे निम्मे प्रोग्रॅम हेच लिहितं.”

दोन तास ते त्या यंत्राला प्रश्न विचारत राहिले. एक उत्तर तर त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचले. अपूर्वाला वाटले, जिंकले. मग ते उठले आणि सत्याऐंशीची वही घेऊन आले. पानभर वर्तुळे, त्यांना जोडणाऱ्या रेघा. चूक मागे नेत नेत प्रत्येक रेघेचे वजन कसे सुधारायचे, त्याचे गणित. खाली त्यांच्याच अक्षरात: कल्पना उत्तम, यंत्रे अपुरी.

“तुझं हे त्यातलंच. आता यंत्रं पुरली, इतकंच.”

“इतकंच? एवढ्या मोठ्या प्रमाणावर होणं हेच नवं नाही का?”

“लग्नात पाच हजार पानं उठली म्हणून जिलबीचा शोध लागत नाही, अपूर्वा.”

ती हसली. मग म्हणाली, “मी वर्षभरात काय केलं, ते विचारूच नका.”

“काय केलंस?”

“एका बटणाचे कोपरे गोल केले. सहा माणसं, तीन आठवडे. मग साहेबांना चौकोनीच बरे वाटले.”

“तू वर्गात पहिली होतीस.”

“म्हणून तर मला दिलं.”

“तुमच्यात कोणी मुळापासून वेगळं काही करतंय का?”

अपूर्वाने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. “माझ्या ओळखीत नाही, मामा.”

त्यांनी मंडळाचे चिटणीस बद्रीनाथ यांना फोन लावला. “यंदा माझं व्याख्यान नको. पुढेही नको.”

“का हो, प्रकृती?”

“ठणठणीत आहे. सांगण्यासारखं काही नाही.”

“ते गेली चार वर्षं नव्हतंच.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्हाला वाटत होतं ना, सापडेल म्हणून. कशाला मोडायचं?” बद्रीनाथ पुढे म्हणाले, “त्या दिवशी गुडघ्यांचे डॉक्टर बोलावतो. आपण ऐकायला या.”

यज्ञेश्वरराव बरे म्हणाले. किती वाजता, ते मात्र त्यांनी विचारले नाही.